चोळीची गाठ आणि पाण्यातलं भांडं

माझ्या छातीत दम नाही, असं मला आयुष्यात एकाच माणसानं तोंडावर सांगितलं, आणि तेही यंत्राची साक्ष काढून. तो माणूस डॉक्टर होता, शिकलेला होता, वाईट तर मुळीच नव्हता. पुढं मी उभा जन्म त्यांच्याच दवाखान्यात काढला, त्यांच्याच हाताखाली शिकले, म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं. तरी ते एक वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि उठला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी वळसंगची. आमची मेंढरं होती आणि थोडं कोरडवाहू रान. मला दिलं होतं अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. सासू उठता-बसता "सुम्निरु" म्हणायची, म्हणजे गप राहा. मला गप राहायचं काही जमलं नाही, आणि नवऱ्यानं दुसरी करून आणली. दुसरी आली की पहिलीनं तिची धुणी धुवायची आणि चुलीपुढं मरायचं, हे त्या घरात सगळ्यांना मान्य होतं. मला नव्हतं. नेसत्या लुगड्यानिशी निघाले ती सोलापुरात, शुक्रवार पेठेत, मावशीच्या दारात येऊन उभी राहिले.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. काका मिलमध्ये होते ते वारले, मूलबाळ नव्हतं, आणि मावशी चोळ्या शिवून पोट भरत होती. तिनं मला काही विचारलं नाही. भाकरी वाढली आणि म्हणाली, "आता हितंच ऱ्हा. पर फुकट बसायचं न्हाय, शिकायचं." पेठेतल्या शाळामास्तरीणबाईंकडं तिनं मला धाडलं. घोडी झालेली मी चिल्ल्यापिल्ल्यांत बसून बाराखडी गिरवली, त्यांची हसणी सोसली, आणि मराठी सहावीपर्यंत पोहोचले. तेवढ्यात कळलं की बायकांच्या दवाखान्यात नर्सबाईच्या शिक्षणाला मुली घेणार आहेत. राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि शिक्षण.

बा वळसंगहून आला तो रागानंच. जावयाकडच्या माणसांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. तो मावशीला म्हणाला, "दवाखान्यानं घितलं तर ऱ्हाऊ दे. न्हाय घितलं तर मी सोता गाडीत घालून तिला तितं सोडून येतो. मला गावात तोंड दाखवायचं हाय." बा एरवी मऊ माणूस, पण एकदा बोलला की बोलला. म्हणजे माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. दवाखाना, नाहीतर सवतीची धुणी.

त्या दिवसासाठी मावशीनं मला नवी चोळी शिवली. आता तिची चोळी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा आमच्यातल्या सगळ्या बायका खणाची चोळी घालायच्या. पुढून उघडी, आणि दोन्ही टोकं छातीखाली ओढून गाठ मारायची. मावशी टेप वापरायची नाही. बोटांनी आणि वितीनं माप घ्यायची, आणि तिची चोळी अशी बसायची की चिमटीत कापड येऊ नये. नव्या पेठेतल्या सावकारणी तिच्याकडं खण पाठवायच्या ते याच कारणानं. सैल चोळी म्हणजे बाईला वळण नाही, असं तिचं ठाम मत होतं. "डागदरापुढं जायचं हाय, गबाळी दिसायची न्हाईस," म्हणून तिनं ही चोळी नेहमीपेक्षा बोटभर आत घेतली.

सकाळी मला समोर उभी करून तिनं टोकं हातात धरली आणि म्हणाली, "दम सोड." मी सगळा श्वास बाहेर टाकला, पोट आत गेलं, आणि तिनं गाठ मारली. हे काही नवीन नव्हतं. लहानपणी परकर-पोलकं सुटलं आणि चोळी अंगात आली तेव्हापासून रोज सकाळी हेच. आधी आई म्हणायची, मग माझं मीच मनात म्हणायची. श्वास सोडल्याशिवाय गाठ बसतच नाही, हे आम्हाला चूल पेटवण्याइतकं ठाऊक होतं. श्वास सोडून बांधलेल्या गाठीत नंतर श्वास मावणार कसा, हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दवाखान्यात मावशी व्हरांड्यात बसली आणि मला आत बोलावलं. वाचून दाखवलं, हिशेब केला, ते सगळं नीट झालं. मेट्रनबाई नगरकडच्या ख्रिस्ती, ठेंगण्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी माझे डोळे बघितले, दात बघितले, हातांची नखं बघितली आणि मान हलवली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता फुंकायला घ्या."

कोपऱ्यात एक यंत्र होतं. पितळेचं पिंप पाण्यानं भरलेलं, त्यात दुसरं भांडं उपडं घातलेलं. त्या भांड्याला वरून दोरी, दोरी चाकावरून पलीकडं गेलेली, आणि तिच्या टोकाला वजन. खाली एक रबरी नळी, आणि तिला हवा कोंडायला-सोडायला तोटी. नळीत फुंकलं की हवा उपड्या भांड्यात शिरायची आणि भांडं पाण्यातून वर उठायचं. जेवढी हवा तेवढं वर. बाजूच्या पट्टीवर रेघा होत्या आणि डॉक्टरांनी एका रेघेवर तांबडी शाई लावलेली होती. आदल्या साली दवाखान्यातली एक शिकाऊ नर्स क्षयानं गेली होती. तेव्हापासून कच्च्या छातीची मुलगी घ्यायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यात चूक काही नव्हतं, ते मी आजही म्हणते.

माझ्याआधी दोघी फुंकून गेल्या. दोघी मिशनच्या शाळेतल्या, झंपर घातलेल्या, सैल बाह्यांच्या. भांडं तांबड्या रेघेच्या वर गेलं आणि दोघी हसत बाहेर पडल्या. मला मनातून हसू आलं. वाटलं, ह्या सावलीत वाढलेल्या पोरी, ह्यांचं एवढं उठलं तर माझं पिंपाबाहेरच पडेल. मी रानातली. ओढ्याच्या अलीकडून हाळी घातली की पलीकडची मेंढरं माना वर करायची.

डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर श्वास आत घे, नळी तोंडात धर, आणि असेल नसेल तेवढा सगळा बाहेर टाक. मेट्रनबाईंनी माझं नाक चिमटीत धरलं. मी श्वास घेतला. फुंकलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले, कानांत दडे बसले, आणि भांडं उठलं ते कसंबसं अर्ध्यावर. तांबडी रेघ बरीच वर राहिली.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच. उलट बोटभर कमीच.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मेट्रनबाईंना म्हणाले, "मी म्हणत होतो ना. खेड्यातल्या लुगडंवाल्या बायकांचं नेहमी हेच. आजवर एकीचं भांडं वर उठलेलं मी पाहिलं नाही. ह्यांच्या छात्या मुळातच अरुंद." मग माझ्याकडं वळले, आवाज मऊ केला, आणि ते वाक्य बोलले. "बाई, तुझ्या छातीत दम नाही. घरी जा. दूध-तूप खा."

दूध-तूप खा म्हणे. माझ्या डोळ्यांपुढं बाची बैलगाडी उभी राहिली. सासूचं दार दिसलं. रडू यायला हवं होतं, पण मला रडू येत नाही, राग येतो, आणि तो आला. मी जागची हलले नाही.

"माझ्या छातीत दम न्हाय म्हंता," मी म्हणाले. "मी पाण्याची घागर घेऊन टेकाड चढलीय. दोन-दोन कोकरं काखंत मारून चिखलातनं चाललीय. दम नसता तर तितंच पडली असते की."

"अगं, काम करण्याची ताकद वेगळी आणि फुप्फुसाची वेगळी," डॉक्टर म्हणाले. त्यांना शिकवायची भारी हौस, हे मला नंतर कळलं. समोर कुणीही असो, मूर्ख असो, रागावलेला असो, ते समजावून सांगायचेच. त्यांनी स्वतःच्या कोटावर हात ठेवला. "तुला वाटतं फुप्फुस हवा ओढतं. तसं नाही. फुप्फुसाला स्वतःचं बळ नाही, ते नुसतं मऊ स्पंजासारखं. ओढणारं दुसरंच. ह्या बरगड्या वर उचलतात आणि बाहेर फाकतात. पोटाच्या वर एक पडदा असतो, तो खाली उतरतो. अशी सगळीकडून आत जागा झाली की बाहेरची हवा आपण होऊन शिरते. जागा जेवढी, हवा तेवढी. आम्ही मोजतो ती हीच, पोटभर घेऊन सगळी बाहेर टाकलेली. आणि मी आता तुझ्याकडं पाहत होतो, तुझ्या बरगड्या हलतच नाहीत."

बरगड्या हलत नाहीत. मी खाली बघितलं. मावशीची नवी चोळी. खणावर एक सुरकुती नाही. छातीखाली गाठ, आवळून मारलेली. तिच्या खाली कमरेला लुगड्याचा वेढा, काष्टा मारून गच्च खोचलेला. वरून बरगड्या बांधलेल्या, खालून पोट बांधलेलं. आणि हा शहाणा माणूस मला विचारतोय, जागा का होत नाही.

"हलतील कशा?" मी म्हणाले. "बांधल्यात की."

डॉक्टरांना कळलं नाही. मेट्रनबाईंना कळलं. त्यांची नजर माझ्या गाठीवर गेली आणि तिथंच राहिली.

"साहेब, कुटं पुरुषमाणूस तपासायचा झाला तर त्येला काय सांगता?" मी विचारलं.

"काय म्हणजे? सदरा काढायला सांगतो."

"आन् आमाला पदर सावरून घ्यायला सांगता."

डॉक्टर एकदम लाल झाले. त्या काळच्या सभ्य माणसाला बाईच्या कपड्यांचा उल्लेखसुद्धा सहन व्हायचा नाही. ते म्हणाले, "हा काय फाजीलपणा. दोनदा संधी दिली, झालं तेवढं पुरे. मेट्रन, हिला बाहेर न्या."

मेट्रनबाई उठल्या नाहीत. त्यांनी खाली बघून टेबलावरचा कपडा सारखा केला. मी काय ते समजले.

खोलीत पडदा होता, त्याच्या आड गेले. परक्या पुरुषाच्या खोलीत चोळीची गाठ सोडायची, हे ऐकलं असतं तर बानं विहीर जवळ केली असती. पण गाठ तशीच ठेवली असती तर मला विहीर जवळ करावी लागली असती. मी गाठीला हात घातला. मावशीची गाठ, ती काय सहज सुटते. नखं मोडली तेव्हा सुटली. कमरेचा वेढाही सैल केला. पदर अंगाभोवती दोनदा गुंडाळला, पुढून मुठीत धरला आणि बाहेर आले.

डॉक्टर खिडकीकडं तोंड करून उभे होते. "हे चालायचं नाही," असं भिंतीला सांगत होते.

"तुमी बगू नका," मी म्हणाले. "बाई बगतील. भांडं खोटं बोलायचं न्हाय."

मेट्रनबाईंनी माझं नाक धरलं. मी श्वास घेतला आणि दचकले. श्वास आत जातच राहिला. नेहमी जिथं थांबायचा तिथं थांबला नाही, बाजूंनी गेला, पाठीत गेला, खाली पोटात गेला. लहानपणी परकर-पोलक्यात रानात धावायची तेव्हा असा जात असणार, पण तेव्हा कोण लक्ष देतं. मी नळी तोंडात धरली आणि फुंकलं, आणि फुंकताना सासूला फुंकलं, नवऱ्याला फुंकलं, त्या अरुंद छातीला फुंकलं. भांडं गुळगुळ आवाज करत वर चढलं. तांबडी रेघ गेली. मी थांबले नाही. माझ्यातलं सगळं संपलं तेव्हाच थांबले आणि मटकन स्टुलावर बसले.

मेट्रनबाई पट्टीजवळ वाकल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मघाच्या दोघींपेक्षा जास्त आहे."

डॉक्टर वळले. त्यांनी पट्टी बघितली, तोटी बघितली, कुठून हवा गळत नाही ना तेही बघितलं. मला पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच, वर. ते खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत किती बायकांना त्यांनी दूध-तूप खायला घरी धाडलं असेल, हे ते मनात मोजत असावेत. त्यांनी मोजावंच, अशी माझी इच्छा होती. शेवटी म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाय," मी म्हणाले.

मेट्रनबाईंनी पुढचं बोलणं वाढू दिलं नाही. "सोमवारी वळकटी घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. मला घेतलं होतं.

मी व्हरांड्यात आले ती तशीच, पदर गुंडाळलेला. मावशीनं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती झटक्यात उठली. "काय केलं गं तुला? कुणी केलं?" असं म्हणत ती दाराकडं निघाली, आणि तिच्या हातात जोडा होता. मी तिला धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. घेतलं हे आधी सांगितलं. तरी तिच्या कानांत एकच गोष्ट राहिली.

"म्हंजे माझी चोळी आडवी आली व्हय?"

तिच्या शिवणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, "चोळी झ्याक हाय मावशे. फकस्त तीत दम मावत न्हाय."

"न्हाय कसा मावत? मी हिला जलमभर घालतीय. मी मेली का?" मावशीचा आवाज चढला. व्हरांड्यातल्या बायका बघायला लागल्या. "कुटंय त्ये भांडं? मला दाव. मला बी फुंकायचंय."

"मावशे, तुला काय नर्स व्हायचंय?"

"नसंना का. माझ्या चोळीवर आळ घेतलाय, मी बगणार."

मी तिला थांबवू शकले नाही, आणि खरं तर थांबवावं असं मला वाटलंही नाही. ती आत शिरली, मागं मी. डॉक्टर टोपी घालून निघायच्या बेतात होते. मावशी त्यांना म्हणाली, "साहेब, हिचं बघितलं, आता माझं बगा." त्यांनी हातानं यंत्र दाखवलं आणि आपणहून खिडकीकडं तोंड केलं.

मावशीनं आधी गाठीसकट फुंकलं. हट्टानं. तोंड लाल होईपर्यंत. भांडं माझ्या पहिल्या वेळेपेक्षाही खाली राहिलं. तिनं ते बघितलं आणि पडद्याआड गेली. बराच वेळ आली नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात आली. पदर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला.

मेट्रनबाईंनी नाक धरलं. मावशीनं श्वास घेतला. घेत राहिली. मग हळूहळू, न घाबरता, फुंकलं. भांडं उठायला लागलं. तांबड्या रेघेपर्यंत गेलं नाही, जवळ गेलं. पन्नाशीची बाई, जन्म चुलीच्या धुरात गेलेला. मेट्रनबाईंनी तोटी फिरवून हवा कोंडली, भांडं वरच राहिलं.

मावशी त्या भांड्याकडं बघत होती. पहिल्या वेळी ते कुठं थांबलं होतं तिथं तिनं बोट ठेवलं. मग ते बोट पट्टीवरून वर नेत, आता होतं तिथं आणलं. मधलं अंतर तिनं वितीनं मोजलं, चोळीचं माप घेते तसं.

"ह्ये एवढं सगळं माझंच व्हय?" तिनं विचारलं.

"तुमचंच," मेट्रनबाई म्हणाल्या.

डॉक्टर वळले होते. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. हवा सोडून भांडं खाली उतरवायला त्यांनी तोटीला हात लावला, आणि मावशीनं त्यांचं मनगट धरलं. उभ्या आयुष्यात तिनं परक्या पुरुषाला हात लावला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "आत्ताच कुटं मिळालंय."